टायर फुटला तर दोष देवाला का?

पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर २५ ऑक्टोबर २०१० रोजी वाटेत फुटला. गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि आत बसलेला अडतीस वर्षांचा एक माणूस गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्याविरुद्ध विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणं हे ‘ॲक्ट ऑफ गॉड’, म्हणजे ईश्वरी कृत्य. त्यात कुणा माणसाची चूक नाही, तेव्हा भरपाईही नाही, असं तिचं म्हणणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते अपील फेटाळलं. ज्याला कोणताच माणूस जबाबदार नाही अशी अकल्पित, प्रचंड नैसर्गिक आपत्ती म्हणजे ईश्वरी कृत्य. टायर फुटतो तो वेगामुळे, हवा कमी किंवा जास्त असल्यामुळे, जुना वापरलेला टायर घातल्यामुळे, तापमानामुळे. प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची अवस्था पाहणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे. असा त्या निकालाचा आशय. विम्याची एक बातमी म्हणून ती वाचली गेली आणि मागे पडली. खरं तर ती धर्मविचाराची बातमी होती. देवाच्या खात्यावर काय मांडायचं आणि माणसाच्या खात्यावर काय, हा आपल्याकडचा फार जुना वाद; त्याचा एक स्वच्छ निवाडा मोटारीच्या चाकाच्या निमित्ताने लागला.

या वादाचा विचार करायला काशीतल्या भोसले घाटाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. नागपूरकर भोसल्यांनी तो १७८० च्या सुमारास बांधला. नदीच्या अंगाने पाहिलं तर खाली पायऱ्या, त्यांवर सलग उभी राहिलेली भक्कम दगडी भिंत आणि पार वरच्या मजल्यावर छोट्या नक्षीदार खिडक्या. इथे लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, आणि यमेश्वर व यमादित्य अशी दोन स्थानंही आहेत. काशीत ज्या बारा आदित्यांची पूजा होते त्यांत यमादित्य येतो. यमाने स्वतः इथे तप करून ही स्थापना केली असं काशीखंड मानतं. मणिकर्णिकेच्या चिता इथून फार लांब नाहीत. मराठी राजाने बांधलेल्या घाटावर मृत्यूच्या देवतेचं ठाणं आहे, आणि विदर्भातून आलेला यात्रेकरू तिथे अपमृत्यू टळावा म्हणून हात जोडतो. पूर्वी तो आगगाडीने यायचा. आता अनेक कुटुंबं स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने निघतात: नागपूर, शिवनी, जबलपूर, मैहर, रेवा, प्रयागराज, मग काशी. सात-आठशे किलोमीटरची मजल. गाडी घाटापर्यंत जात नाही. मैदागिन किंवा गोदौलियाच्या आसपास ती सोडायची आणि पुढे गल्ल्यांतून पायी जायचं. ज्या चार चाकांनी एवढ्या लांब सुखरूप आणलं त्यांच्याकडे तिथेही कुणी वाकून पाहत नाही. मृत्यूच्या देवतेपुढे मस्तक टेकवणाऱ्याने आधी टायरची हवा पाहायला हवी होती का, आणि न पाहता केलेल्या त्या नमस्काराचा अर्थ काय, हा माझा प्रश्न आहे. माझं उत्तर सरळ आहे. जे आपल्याला दिसत होतं आणि आपल्या हातात होतं ते न करता परिणाम देवावर टाकणं ही श्रद्धा म्हणता येत नाही. तो देवावर घेतलेला खोटा आळ आहे.

असं ठामपणे म्हणायला आधार काय, हे टायरकडे जवळून पाहिल्याशिवाय कळणार नाही. सगळी मोटार रस्त्याला टेकलेली असते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढाच टायर जमिनीला लागतो. मधलं ओझं पेलते ती हवा. रबर तिला फक्त धरून ठेवतं. हवा कमी असली की टायरच्या कुशी, म्हणजे बाजूच्या भिंती, जमिनीला लागताना अधिक दबतात आणि वर जाताना सरळ होतात. साधारण मोटारीचं चाक एका किलोमीटरमध्ये पाचशे वेळा फिरतं. नागपूर ते काशी एवढ्या वाटेत तीच कूस जवळपास चार लाख वेळा दुमडते आणि उलगडते. प्रत्येक दुमडीगणिक थोडी उष्णता तयार होते. रस्ता तापलेला, वेग मोठा आणि गाडी भरलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आतले तारेचे आणि धाग्याचे पदर एकमेकांपासून सुटू लागतात. मग एका क्षणी टायर फाटतो. बघणाऱ्याला तो क्षण अचानक आलेला वाटतो, पण त्याची तयारी शेकडो किलोमीटर आधीपासून चाललेली असते. चांगल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला साधारण एक पौंड हवा आपोआप कमी होते, म्हणजे दिवाळीत भरलेली हवा होळीपर्यंत राहत नाही. त्यात नुसत्या डोळ्यांना ही घट दिसत नाही. आजच्या रेडियल टायरची कूस हवा बरोबर असतानाही किंचित फुगलेलीच दिसते. लाथ मारून किंवा लांबून बघून हवेचा अंदाज घेणारा माणूस काहीच पाहत नसतो.

पण पाहायचं म्हटलं तर सगळं लिहिलेलं असतं. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. गाडी रिकामी असताना एक आकडा, पूर्ण भरलेली असताना दुसरा. टायरच्या कुशीवरचा आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. कित्येक ठिकाणी नेमका तोच भरला जातो. टायर कधी बनला तेही कुशीवर चार अंकांत असतं: ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि मोटारीसाठी कायद्याने तीच शेवटची हद्द. त्याखाली टायर गोटा. पावसात त्याच्याखालचं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही, आणि गाडी रस्त्यावरून नव्हे, पाण्यावरून चालू लागते. हे सगळं वाचायला पदवी लागत नाही. गाडी थंड असताना गेज लावायला आणि चारी बाजूंनी वाकून पाहायला दहा मिनिटं पुरतात. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार या साध्या गोष्टीवर आहे. जे अज्ञात असतं त्याला दैव म्हणता येईल. जे दाराच्या चौकटीवर छापलेलं आहे त्याला कसं म्हणणार?

आता आपलं वागणं पाहा. नवी गाडी घरी आली की पहिली देवळात जाते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला हार, नारळ, आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू. चाकं लिंबं चिरडून पुढे सरकली की पूजा पुरी झाली. दसऱ्याला पुन्हा गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, चाकांना हळदकुंकू लावायचं. या रिवाजाला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. ज्या साधनावर आपलं पोट आणि प्राण अवलंबून आहेत त्याच्यापुढे वर्षातून एकदा नम्र होणं ही चांगली संस्कृती आहे. शेतकरी पोळ्याला बैल सजवतो, तेव्हा आदल्या दिवशी त्याची खांदेमळणीही करतो. जुवाने घासलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतो. ओझं वाहणाऱ्याचा जिथे खरोखर भार पडतो तिथे हात फिरवल्यावरच पूजा होते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मोटारीच्या पूजेत नेमका हा आदला दिवस गळून गेला. माणूस चाकापाशी वाकतो, लिंबू ठेवतो आणि उठतो; डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असलेली झिजलेली नक्षी त्याला दिसत नाही.

समृद्धी महामार्गाने हे सगळं फार वेदनादायक रीतीने समोर आणलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. टायर फुटला, असं बसचालकाने सांगितलं. परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ‘टायर फुटला’ हे वाक्य आता आपल्याकडे दैवाचंच दुसरं नाव झालं आहे. ते उच्चारलं की पुढचा प्रश्न कुणी विचारणार नाही अशी बोलणाऱ्याची अपेक्षा असते. त्यानंतर काही दिवसांतच त्या जागेजवळ महामृत्युंजय यंत्र बसवून सामूहिक जप झाला, आणि पोलिसांनी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. जप करणाऱ्यांच्या मनातल्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण त्या मंत्राचा भाव तरी ध्यानात घ्यावा.  पिकलेलं फळ देठापासून सुटावं तशी सुटका व्हावी, म्हणजे कच्चेपणी खुडलं जाऊ नये, असं मागणं त्यात आहे. वाटेत यंत्र पुरल्याने ती प्रार्थना सफळ होईल, की त्या वाटेवर गोटा टायरची गाडी न घातल्याने? परिवहन विभागाने त्याच वर्षी समृद्धीच्या प्रवेशमार्गांवर टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या मागे फिरवायला सुरुवात केली. माझ्या मते त्या मंत्राच्या आशयाला हे काम अधिक जवळचं होतं.

यावर कुणी म्हणेल, हा आधुनिक माणसाचा हट्ट आहे. आपली परंपरा दैव मानते. मानते, पण कशी मानते ते पाहिलं पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीत राजधर्माच्या प्रकरणात दैव आणि पुरुषप्रयत्न यांची चर्चा येते. एका चाकावर रथ चालत नाही, तसं प्रयत्नावाचून दैव सिद्धीला जात नाही, असा तिथला निर्वाळा आहे. दृष्टान्त चाकाचाच आहे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात हाच प्रश्न वसिष्ठ ब्रह्मदेवाला विचारतात, आणि प्रयत्न हे शेत, दैव हे बीज असं उत्तर मिळतं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. दैव त्यांत पाचवं, शेवटचं येतं. आधीची चार, म्हणजे अधिष्ठान, कर्ता, साधनं आणि नाना प्रकारचे व्यापार, तपासून झाल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवायला गीता मोकळीक देत नाही. आणि टायर हा साधनांत मोडतो. योगवासिष्ठ तर आणखी पुढे जातं. दैव म्हणजे आपणच पूर्वी केलेल्या प्रयत्नाचं फळ, वेगळं काही नाही, अशी त्याची भूमिका आहे. जन्मजन्मांतराचं बाजूला ठेवू. पण मागच्या सहा महिन्यांत हवा न पाहिलेल्या टायरला ती भूमिका जशीच्या तशी लागू पडते. आपल्या समर्थ रामदासांनी यत्नाला देवाच्या जागी बसवलं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

मात्र माझ्या बाजूला सगळंच शास्त्र आहे असा आव आणणं खोटं ठरेल. एक आक्षेप खुद्द धर्मशास्त्रातच आहे आणि तो जड आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनामुळे झालेल्या इजेचा विचार येतो. बैलाची वेसण तुटली, जू मोडलं, आस तुटला, चाक मोडलं, दोर किंवा लगाम तुटला, किंवा सारथी ‘बाजूला व्हा’ असं ओरडत होता, अशा दहा प्रसंगी दंड नाही असं तिथे म्हटलं आहे. चाक मोडलं तर चालकही निर्दोष, मालकही निर्दोष. याज्ञवल्क्यही वेसण तुटलेल्या गाडीबद्दल असंच म्हणतात. विमा कंपनीच्या वकिलाला हे ठाऊक असतं तर त्याने ते न्यायालयापुढे ठेवलं असतं, असं वाटावं इतकं ते तिच्या बाजूचं आहे.

पण तो नियम कशाच्या पायावर उभा आहे? लाकडी चाकाच्या आऱ्यात आतून पडलेली चीर सुताराच्या डोळ्यालाही दिसेल याची खात्री नव्हती. जे दिसत नव्हतं त्याबद्दल दंड करणं अन्याय झाला असता, म्हणून स्मृतिकाराने माणसाला सोडलं. त्याच ठिकाणी पुढे तो काय म्हणतो ते महत्त्वाचं आहे. सारथी अडाणी असल्यामुळे गाडी भरकटून इजा झाली तर मालकाला दोनशे पणांचा दंड. सारथी जाणता असेल तर सारथ्याला दंड. म्हणजे जिथे जाणण्याची शक्यता होती तिथे स्मृतिकाराने कुणालाच सोडलेलं नाही. अडाण्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला तर त्याने आधी धरलं. आज चाकाची अवस्था मिलिमीटरमध्ये आणि पौंडांमध्ये मोजता येते, आणि मोजण्याचं साधन पेट्रोलपंपावर असतं. तेव्हा जुन्या नियमाचं तत्त्व पाळायचं असेल तर त्याचा जुना निष्कर्ष बाजूला ठेवावा लागतो. धर्मशास्त्र असंच वाढत आलं आहे. पैठणहून काशीत गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये तिथे ‘निर्णयसिंधु’ लिहिला तोसुद्धा परस्परविरोधी वचनं समोर ठेवून निर्णय काढण्यासाठीच. माणसाचं ज्ञान वाढलं की त्याची जबाबदारी वाढते आणि ‘मला काय ठाऊक’ म्हणायची जागा आक्रसते. यात देवाचं काहीच कमी होत नाही.

दुसरा आक्षेप काशीचाच आहे. काशीत मरण म्हणजे मुक्ती; शिव स्वतः कानात तारकमंत्र सांगतो. मग जिथे मरणाचंच भय उरत नाही तिथे निघालेल्याने टायरच्या हवेची चिंता कशाला करायची? श्रद्धावान माणूस हे मनापासून बोलतो, म्हणून उत्तरही मनापासून द्यायला हवं. पहिली गोष्ट, टायर काशीत फुटत नाही, तो बहुधा शिवनीच्या घाटात किंवा रेव्याच्या पुढे फुटतो. पण हा फक्त भूगोल झाला. खरं उत्तर असं, की मुक्तीची इच्छा ज्याची त्याची असते आणि मोटार एकट्याची नसते. मागे सून बसलेली असते, तिच्या मांडीवर मूल असतं. समोरून येणाऱ्या दुचाकीवर कटनीचा कुणी कामगार घरी निघालेला असतो. त्यांनी मुक्ती मागितलेली नाही. आपल्या वैराग्याची किंमत दुसऱ्याच्या प्राणांनी चुकवण्याचा अधिकार कोणत्याही पुराणाने दिलेला नाही. उलट, काशीत केलेल्या पापाची सुटका सहज होत नाही, त्यासाठी भैरवी यातना भोगावी लागते, असं काशीची परंपराच बजावते. आणि प्रायश्चित्ताच्या ग्रंथांत अजाणता घडलेल्या हिंसेलाही प्रायश्चित्त आहे. जाणूनबुजून केलेल्यापेक्षा कमी, पण आहे. ‘मुद्दाम केलं नाही’ एवढ्याने हिशेब मिटत नाही.

शिवाय ज्या देवतेच्या घाटावर आपण उभे आहोत तिने या विषयावर काय सांगितलं आहे? कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारी जातो आणि शरीर म्हणजे रथ, बुद्धी म्हणजे सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे हे प्रसिद्ध रूपक त्याला ऐकायला मिळतं. ते सांगणारा यमच आहे. सारथ्याचं भान सुटलेलं असेल, मन ताब्यात नसेल, तर रथ मुक्कामाला पोहोचत नाही, असं तो सांगतो. मुक्कामाला न पोहोचणाऱ्या रथाबद्दल यम स्वतःकडे दोष घेत नाही, देवाकडेही नाही. तो सारथ्याकडे बोट दाखवतो. यमाची आपल्या कल्पनेतली भूमिकाही हिशेब पाहणाऱ्या धर्मराजाची आहे. चित्रगुप्ताच्या वहीत माणसाने काय केलं आणि काय टाळलं ते लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे उभं राहून ‘टायर फुटला हो, नशीब’ म्हणणं चालेल असं मानणाऱ्याने यमाला नीट ओळखलेलं नाही.

एक आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो दुःखी माणसांच्या बाजूने येतो. अपघातात कुणी गेलं की शेजारीपाजारी म्हणतात, त्याचं तेवढंच आयुष्य होतं. हे बोलणं खोटं ठरवून आपण त्या घरातलं शेवटचं सांत्वन काढून घेत नाही का? घरातला मुलगाच गाडी चालवत असेल आणि बाप गेला असेल, तर त्या मुलाला टायरचा हिशेब मांडून दाखवणार का? नाही, दाखवू नये. तिथे दैवाचा आधार माणुसकीला धरून आहे, आणि ज्याचं गेलं त्याला तो घेऊ द्यावा. पण दैव हा शब्द ज्याने गमावलं त्याच्या तोंडी एक अर्थ ठेवतो आणि ज्याने जबाबदारी टाळली त्याच्या तोंडी अगदी दुसरा. विमा कंपनी तो भरपाई चुकवायला वापरते, गाडीमालक घासलेले टायर झाकायला. शोकाकुल घरासाठी जपून ठेवलेलं सांत्वन मालकाला ढाल म्हणून वापरू देणं, ही त्या घराशीही प्रतारणा आहे. मागे वळून पाहताना दैव म्हणावं. पुढे पाहताना, निघण्याच्या आदल्या दिवशी, ते म्हणायचा अधिकार नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद सांगते. एवढ्या सगळ्यांचं ‘तेवढंच आयुष्य होतं’ असं एका वाक्यात आटोपणं मला तरी धर्माच्या भाषेत बसवता येत नाही.

गरीब चालकाची बाजूही उरते. भाड्याच्या गाडीचा चालक पगारी असतो. नवे टायर घ्यायचे की जुन्यांवरच आणखी एक फेरी मारायची हे मालक ठरवतो. त्या चालकाला यमाची भीती घालणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. मनूने मालकाला धरलं ते म्हणूनच मोलाचं. पण मालकाच्या मागे आणखी एक जण असतो, तो म्हणजे आपण. तीन गाड्यांचे दर विचारून त्यांतली सगळ्यांत स्वस्त आपण ठरवतो. सात जणांच्या गाडीत नऊ जण बसवतो. परतताना टपावर बॅगा, साड्यांचे गठ्ठे आणि गंगाजलाचे कॅन चढवतो. वीस लिटरचा एक कॅन म्हणजे वीस किलो, असे चार-पाच. टायरवर किती ओझं टाकायचं याचीही मर्यादा कुशीवर छापलेली असते, आणि ती गंगाजलाला वेगळी सवलत देत नाही. पुण्याच्या लोभाने चढवलेलं ते ओझं कुठल्या तरी उतारावर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. यात्रेकरूच्या धर्मात हेही बसतं, असं मी मानतो.

असं सगळं करूनही रस्त्यावर पडलेला लोखंडाचा तुकडा नव्या टायरच्या कुशीत घुसू शकतो. एखादं चाक कुणाचाही दोष नसताना अडकू शकतं. ते दैव. तिथे माणसाचं बळ संपतं, आणि प्रार्थनेला खरा अर्थ तिथेच येतो. पण त्या हद्दीपर्यंत आधी जावं लागतं. काशीतले घाटसुद्धा नुसत्या पावित्र्यावर टिकलेले नाहीत. दर पावसाळ्यात गंगा वर चढते, खालच्या पायऱ्या बुडवते आणि ओसरताना त्यांवर गाळाचे जाड थर ठेवून जाते. मग पंप लावून, पाण्याचे जोरदार फवारे मारून आणि फावड्याने ओढून तो गाळ पुन्हा नदीत लोटावा लागतो. कार्तिकातले दिवे लागायच्या आत पायऱ्या मोकळ्या करायच्या असतात. हे काम करणारे मजूर गुडघाभर चिखलात उभे असतात. देवाच्या घाटाची देखभाल ते करतात म्हणून भाविकाचा पाय घसरत नाही. त्यांचं काम दिव्यांइतकंच धार्मिक आहे, आणि ते दरवर्षी नव्याने करावं लागतं, कारण नदी दरवर्षी येते. टायरमधली हवाही अशीच दरमहा जाते.

काशीला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला म्हणून विनंती आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, गाडी तीन-चार तास उभी राहून टायर थंड झाल्यावर, स्टेपनीसकट पाचही टायरची हवा गेजने पाहा आणि दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा धरा. खाचेतल्या पट्ट्या आणि कुशीवरचं साल वाचा. कुशीला फुगवटा किंवा चीर असेल तर तो टायर बदला. वाटेत गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडू नका. दर महिन्याला हे पुन्हा करा, दसऱ्याला पूजेच्या आधी तर नक्कीच. हळदकुंकू त्यानंतर लावा. गाडी भाड्याची असेल तर भाव ठरवण्यापूर्वी टायर दाखवायला सांगा, आणि मालक नाही म्हणाला तर ती गाडी ठरवू नका.